आरशातली टिकली

पालमच्या बसस्टँडवर गाडी लागली की लोक जागा धरायला धावतात. सुमनबाई आधी पाटी वाचायच्या. पाटीवर ‘परभणी’ असं ठळक लिहिलेलं असलं तरी कंडक्टरला विचारायच्या, मग ड्रायव्हरला, आणि वर चढल्यावर खिडकीपाशी बसलेल्या एखाद्या म्हातारीलाही. मी एकदा वैतागून म्हणालो, “बाई, पाटी दिसत नाही का?” तर म्हणाल्या, “पाटी दिसायलीय. पण ती आजची हाय का कालची, ते पाटीला काय ठाऊक?”

बाई आमच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलो. कपाळावर मोठी टिकली आणि डोळ्यांत कायम चौकशी. दूधवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कुणीही त्यांच्या शंकेतून सुटलं नव्हतं, मग माझी काय कथा! वर्गाला कुलूप मी लावलं तरी मागून येऊन त्या ते ओढून बघायच्या. माझं तोंड वाकडं झालेलं दिसलं की म्हणायच्या, “तुमच्यावर शक न्हाई हो. तुमच्या घाईवर हाय.”

त्यांना वेड एकच होतं, जात्यावरच्या ओव्यांचं. रविवारी आम्ही एसटीने गावोगाव हिंडायचो आणि म्हाताऱ्या बायांचं गाणं रेकॉर्ड करून आणायचो. चुडाव्याला, माझ्या गावी, माझ्या आईचंही केलं. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. तिचा धड असा एक फोटो आमच्याकडे नाही. तिचा आवाज तेवढा उरला होता, आणि तो कॉलेजच्या सर्व्हरवर होता.

हा सर्व्हर बसवायला परभणीहून गजानन नावाचा कॉम्प्युटरवाला आला होता. त्याने आत शेजारीशेजारी दोन हार्ड डिस्क दाखवल्या. “मॅडम, टेन्शनच घेऊ नका. एकीवर जे होईल तेच त्याच क्षणी दुसरीवर होतंय. एक बंद पडली तरी काम चालूच. याला मिरर म्हणतात.”

“मिरर म्हंजे आरसाच ना?”

“हो, आरसाच.”

बाईंनी बोट कपाळाकडे नेलं. “मग मी ही टिकली काढली, तर आरशातली ऱ्हाती का?”

गजानन हसला. “असं कसं राहील, मॅडम?”

“मग हसायलाव काहून? इकडचं कुणी पुसलं तर तिकडचंबी पुसलं जाणार. ही राखण झाली का?”

एका उन्हाळ्यात खरोखरच एक डिस्क बंद पडली. दुसरीवर काम बिनबोभाट चालू राहिलं. गजानन नवी डिस्क घेऊन आला तेव्हा त्याची छाती फुगली होती. बाईंनी त्याला चहा पाजला आणि मोकळ्या मनाने म्हणाल्या, “तुझा आरसा गुणाचा हाय बाबा.” तो गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता सगळे निवांत झालेत. आता जपा.”

त्यांची स्वतःची राखण वेगळीच होती. दर शनिवारी त्या पर्समधून एक छोटी डिस्क काढायच्या, सगळ्या ओव्या तिच्यावर उतरवायच्या आणि रुमालात गुंडाळून घरी न्यायच्या. घरी ती लाडवांच्या डब्यात. उतरवून झालं एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. सर्व्हरवर त्यांनी स्वतःच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग ठेवलं होतं: “हॅलो, मी सुमन बोलायलेय. परत आले का?” ते सर्व्हरवरून पुसून टाकायच्या, डिस्कवरून परत आणायच्या आणि कानाला लावून ऐकायच्या. मी म्हणालो, तपासायचंच तर कुठलीही ओवी पुसून बघा की. बाई माझ्यावर उखडल्याच. “माझं गेलं तर चालतंय. त्या बायांचं काहून घालवायचं?”

बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचा शनिवार चुकला नाही. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत प्राचार्यांनी गजाननला बोलावलं. सर्व्हर भरत आला होता. “जुनंपुराणं काढून टाक,” त्यांनी सांगितलं. बाईंनी जुन्या बायांच्या ओव्यांच्या फोल्डरला नाव दिलं होतं, ‘जुनं’. गजाननने ते इमानेइतबारे काढून टाकलं.

सुट्टी संपल्यावर वर्गात ऐकवायला म्हणून मी आईची ओवी शोधू लागलो. ओवी नव्हती, फोल्डरच नव्हतं. प्राचार्य म्हणाले, “अहो, दुसरी डिस्क आहे ना?” गजाननला फोन लावला. तो म्हणाला, “सर, ती पण तशीच असणार.”

मी धावत बाईंचं घर गाठलं. त्यांनी डबा काढला, पण डिस्क काही हातात देईनात. “न्हाई, तुम्ही घाईत हाव. बसा.” आधी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्याची आणखी एक नक्कल केली. मी तिथल्या तिथे येरझारा घालत होतो. “बाई, आधी आई आहे का तेवढं बघा हो!”

“बघू की. आता हीच मूळ झालीय. मूळ एकलं घेऊन वाटंला लागू नये.”

नक्कल झाली. मग त्यांनी चुडाव्याचं रेकॉर्डिंग लावलं. जात्याची घरघर आली, बांगड्या वाजल्या, आई खोकली आणि म्हणाली, “चालू झालं का रं?” मी लहान पोरासारखा रडलो. रेकॉर्डिंग मध्येच तुटलंय की काय या शंकेने बाई शेवटपर्यंत कान देऊन बसल्या आणि मगच स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

बाई गेल्या वर्षी गेल्या. शनिवार आता माझ्याकडे आहे. ओव्या डिस्कवर उतरवतो, आणि मग त्यांची ती परीक्षा. त्यांचा आवाज पुसताना दर खेपेला हात अडतो. वाटतं, राहू दे, आजवर आलाय तसा आजही येईल. पण ती माझी घाई झाली. म्हणून पुसतो, परत आणतो, कानाला लावतो.

“हॅलो, मी सुमन बोलायलेय. परत आले का?”

“आलात, बाई,” मी म्हणतो. पण बाईंचा नुसत्या शब्दावर कधीच भरोसा नव्हता, म्हणून आणखी एकदा लावतो.