आईचं फडकं आणि अमेरिकेचा अध्यक्ष

थकले बाई मी या पाण्यापायी! आखातातल्या या फुजैराचा उन्हाळा, बाहेर पाऊल टाकलं की अंग भाजतं, आणि घरात माझी म्हातारी आई दिवसभरात जेमतेम घोटभर पाणी पिऊन बसलेली. सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला, तिचा नाही.

बाबा गेल्यावर तिला मी इकडे आणलं. येताना तिने मलमलचं दुहेरी फडकं आणलं होतं, एका कोपऱ्याला गाठ मारलेलं. गाठ वर दिसली की बाजू बरोबर. उलटं धरलं तर गाळलेली घाण परत पाण्यात. सीलबंद बाटलीतलं पाणीसुद्धा ती त्यातूनच गाळायची. लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन तिला नारू झाला होता. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तिचा मध्येच तुटला. घोट्याजवळ अजून खड्डा आहे.

मध्यंतरी फ्लॅट बदलला, त्या शिफ्टिंगमध्ये फडकं हरवलं. मी म्हटलं, "अगं, हे समुद्राचं पाणी, मशीनमध्ये शुद्ध केलेलं. इथे कुठला आलाय नारू?" तिने नकारार्थी मान हलवली आणि पाणी जवळजवळ सोडलंच. दुकानातलं नवं कापड दिलं, तर म्हणे विरळ आहे. शेवटी चक्कर येऊन पडली, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर माझ्यावर डाफरला. मी कोणावर डाफरू?

त्याच आठवड्यात लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: गेल्या शतकातला एक अमेरिकन अध्यक्ष, त्याचं आयुष्य आणि मागे ठेवलेलं काम. भुईमुगाची शेती करणारा माणूस. दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा निवडणूक हरला, मग गरिबांसाठी स्वतः हातोडी घेऊन घरं बांधत बसला. आणि पुढची कितीतरी वर्षं आफ्रिकेतल्या नारूच्या मागे लागला, गावोगावी पाणी गाळायची फडकी वाटवली. मी उडालेच! म्हटलं, चला, नारूची भीती आता नको हे माझं नाही तर अध्यक्षाचं तरी ऐकेल. आईच्या पलंगाशी बसून लेक इंग्रजीत वाचत होती, मी मराठीत सांगत होते.

"त्याला झाला होता का?" आईने विचारलं.

"नाही गं."

"मग त्याला काय पडलं होतं?"

ती घोट्यावरून हात फिरवत राहिली. "एवढा मोठा माणूस," ती म्हणाली, "आणि आमचं दुखणं घेऊन बसला."

मग म्हणाली, "संपवला ना त्याने?"

लेक म्हणाली, "ऑलमोस्ट, आजी. ही वॉन्टेड टु सी द लास्ट वन गो. बट ही डाइड फर्स्ट."

आईला यातलं अक्षर कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. संपला म्हटलं असतं की खलास, रोजची कटकट मिटली असती, ती पाणी प्यायली असती. शब्द ओठावर आला होता. पण तिचा हात त्या खड्ड्यावर होता, खोटं बोलवेना.

"थोडा राहिलाय," मी म्हटलं. "शंभरी पार केली त्या अध्यक्षाने, पण शेवटचा नारू जायच्या आत तोच गेला."

"मग मी गाळणं कसं सोडू?" आई म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, अगदी साधं.

मी उठले. माझी जुनी घट्ट विणीची सुती साडी काढली, पदर टर्रकन फाडला, दुहेरी केला, कोपऱ्याला गाठ मारली. गाठ वर ठेवून ग्लासावर धरला आणि बाटलीतलं पाणी ओतलं. आईने बोटांनी कापड चाचपलं, गाठ बघितली. मग ग्लास एका दमात रिकामा केला आणि परत पुढे धरला.