चेटकिणीच्या झग्यातली आमटी

मुलुंडला आमचं फॅन्सी ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. शाळांची स्नेहसंमेलनं आटोपून दुकान सुनं पडलं की एक काकू यायच्या. पन्नाशीच्या, हातात भाजीची पिशवी. कपड्याला हात लावण्याआधी तो पदराला पुसायच्या. आधी त्यांनी राणीचा पोशाख नेला, मग चेटकिणीचा काळा झगा.

झगा परत आला तो लसणाच्या फोडणीचा वास घेऊन. मी तडकलेच.

“काकू, नाटकात घातलात की स्वयंपाकघरात?”

“घरीच घालते गं. बघते, ही बाई माझ्या जागी असती तर कशी वागली असती.” त्या खुशीत हसल्या. “राणी झाले तर स्वयंपाक करावासाच वाटेना, बाहेरून मागवलं. चेटकीण झाले आणि आमटी एकदम झकास जमली. ती कुणाला विचारत बसत नाही ना, मीठ बरोबर झालंय का!”

त्या गेल्यावर झगा धुवायला टाकायचा, तो मी खांद्यावर घेतला आणि दुकानातच चहा ठेवला. नवऱ्याने एक घोट घेतला आणि सवयीने माझ्याकडे बघत थांबला. मी विचारलंच नाही, साखर ठीक आहे का.