पोकळ चिंचेवरची अळंबी

ती अळंबी मला सापडली नव्हती, हे आधी सांगून टाकते. ती दाखवली फुलं विकणाऱ्या अक्कांनी.

बंगळूरच्या हेब्बाळला आमच्या अपार्टमेंटच्या मागे जुन्या चिंचांची राई आहे, गावाने राखलेली. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. सगळ्यात थोरल्या चिंचेखाली देवीचा दगड. अक्का रोज सकाळी तिथला पाचोळा झाडायच्या, दिवा लावायच्या आणि मग बुंध्याशी बसून माळा विकायच्या. त्यांच्या सासूची जागाही तीच होती.

मी म्हणजे रविवारी भिंग घेऊन झाडांच्या ढोल्यांत डोकं घालणारी बाई. बिल्डिंगमध्ये मला पाठीमागे ‘अळंबीवाली’ म्हणतात, ठाऊक आहे मला. त्यात आमचं घरचं मराठी पिढ्यानपिढ्या कानडीत मुरलेलं. पुण्याहून आलेल्या शेजारणी ‘किती गोड बोलता हो तुम्ही’ म्हणून हसतात. अस्सा राग येतो!

तर एका पावसाळी सकाळी अक्कांनी हाक मारली, “अम्मा, इकडे या स्वल्प. हे तुमचंच काहीतरी दिसतंय.”

थोरल्या चिंचेच्या ढोलीच्या तोंडाशी ताटाएवढी अळंबी, वरून विटकरी, खालून हळदीसारखी पिवळी. मी तर खुळीच झाले. फोटो काढून अळंब्यांचे जाणकार असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना पाठवले. त्यांचा लगेच फोन. “बाई, ही या बाजूला मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. म्हाताऱ्या झाडाच्या पोटातलं मेलेलं लाकूड खाऊन जगते ती. जिवंत लाकडाला धक्का लावत नाही. असं पोकळ झाड पुढे पिढ्यानपिढ्या उभं राहतं. हात लावू नका फक्त.”

मी हात लावला नाही. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं. ‘अत्यंत दुर्मिळ! मला आज सापडली. ही अळंबी आतून कुजलेल्या झाडावरच येते.’ त्यापुढे झाडाला धोका नाही, हे वाक्यही टाइप केलं होतं. मग पुसलं. ते आल्यावर सगळं शाळेतल्या धड्यासारखं वाटायला लागलं, आणि ‘कुजलेल्या झाडा’वर संपवलं की कसं वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो! अक्कांचा उल्लेख तर मी केलाच नव्हता. ‘तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात,’ असं पुण्याच्या शेजारणीने लिहिलं आणि मी दिवसभर फोन खाली ठेवला नाही.

त्या चिंचेची एक फांदी आमच्या पार्किंगवर यायची. गाड्यांवर चिंचा पडतात म्हणून सेक्रेटरी कधीपासून झाडाच्या मागे लागले होते. दोन दिवसांनी मी इंदिरानगरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. “मॅडम, झाडाबद्दलच्या पालिकेतल्या अर्जाला तुमचं ते मत जोडलं तर चालेल ना? तज्ज्ञ म्हणून?”

“सरी, चालेल, जोडा की,” मी म्हणाले. कसला अर्ज, हे विचारायला जीभ झडली होती का माझी? पण ‘तज्ज्ञ’ म्हटल्यावर मला पुढचं ऐकूच आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर मागच्या बाजूला आभाळच आभाळ. थोरली चिंच गेली होती. खोडाच्या मधोमध पोकळी आणि भोवती टणक, ओल्या लाकडाची चांगली वीतभर जाड कड. भुशात अळंबी पडलेली, तिच्यावर कुणाचा तरी बूट उमटलेला. अक्का उघड्यावर पडलेल्या देवीच्या दगडाशी टोपलीवर ओलं फडकं टाकून बसल्या होत्या.

“झाड कुजलंय म्हणून कुणा तज्ज्ञाने लिहून दिलं म्हणे,” त्या म्हणाल्या. “कसला मेला तज्ज्ञ! तुम्ही घरी असता तर भांडला असता, अम्मा.”

“हो ना,” मी म्हणाले. एवढंच.

आणखी दोन चिंचांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या होत्या. “तुम्ही पालिकेला लिहून द्या,” अक्का म्हणाल्या. “त्या तज्ज्ञाला काही कळत नाही म्हणून लिहा.” मी तिथेच बसून लिहिलं. इतकं चांगलं मी जन्मात लिहिलं नसेल. ग्रुपवरचं पुसलेलं वाक्य आता सगळ्यात वर घातलं.

“खाली तुमची सही करा,” अक्का म्हणाल्या.

माझा हात थांबला. पालिकेने माझी सही दाखवली की सेक्रेटरी दोन्ही कागद अक्कांसमोर शेजारी शेजारी ठेवणार. मग तो मेला तज्ज्ञ कोण, ते कळायला कितीसा वेळ?

“सही तुमचीच बरी, अक्का,” मी म्हणाले. “तुम्ही इथल्या.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या मजकुराखाली कानडीत एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं.

पालिकेतून अर्ज परत आला. जाणकाराचं मत नाही, असा शेरा होता. त्या दोन्ही चिंचा तोडल्या त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच आमच्या दारात आल्या. मी आत या म्हणाले, पण त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“तुम्ही छान लिहिलं होतंत, अम्मा,” त्या म्हणाल्या. “माझीच सही नडली. माझ्या सहीला कोण विचारतो! तुमची मेहनत वाया घालवली मी.”

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी टोपलीतून मोगऱ्याची हातभर माळ काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “आता घाला की.”

मी ती केसांत माळली.