सव्वीस बरण्या

कॉलेजात तिला सगळे स्पिरिटमावशीच म्हणत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तिनं काय केलं? दर सोमवारी प्राण्यांच्या नमुन्यांच्या बरण्या उघडल्या, उडालेलं स्पिरिट भरलं, झाकणाच्या कडेनं मेण लावलं. एवढं केलं नाही तर आतला जीव वाळून खडंग होतो. निवृत्तीला महिना उरला होता, आणि नव्या प्राचार्यांना नेमकी तेव्हाच मीटिंगसाठी ही खोली हवी झाली.

"एका प्राण्याची एकच बरणी ठेवायची," प्राचार्य म्हणाले. स्वतः इतिहासाचे! "हे सव्वीस किडे म्हणजे एकच की. पंचवीस टाकून द्या." यादी तयार होती, प्राणिशास्त्राच्या बाईंची सही तेवढी बाकी. बाई मान खाली घालून उभ्या. याच बाई विद्यार्थिनी असताना परीक्षेआधी रडत आल्या होत्या, तेव्हा मावशीनंच एकेक बरणी हातात देऊन त्यांना प्राणी ओळखायला शिकवलं होतं.

मावशी कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला टाका, मग यांना."

"मावशी, तोंड सांभाळून बोला."

"तोंडाचंच विचारते. या गांडुळाचं तोंड कुठलं, दाखवा."

प्राचार्यांनी एका टोकावर बोट ठेवलं.

"ते शेपूट! हा जाड पट्टा दिसतो ना, त्याच्या जवळचं टोक म्हणजे तोंड. आता ही जळू. वरून कडी मोजाल तर शंभर, आतले भाग तेहतीसच. दोन्ही टोकांना चिकटायच्या वाट्या. गांडुळाला आहेत?"

प्राचार्य भडकले. त्यांनी समुद्रातल्या केसाळ कृमीची बरणी उचलली. "आणि ही तर साधी गोम! गोमा त्या कपाटात चार आहेत. बाई, करा सही, मिटवा एकदाचं."

मावशी बाईंकडे वळली. तिनं प्राचार्यांकडे पाहिलंच नाही. "गोमेच्या पायांना सांधे असतात. याच्या पायांना आहेत का, पोरी? तूच सांग. पुढच्या महिन्यात मी नसणार."

बाईंनी बरणी खिडकीशी धरली. प्रत्येक भागाला दोन्हीकडून वल्ह्यासारखे मऊ पाय, त्यांवर केसांचे झुबके. त्यांनी एकेक पाय निरखला, सांधा कुठंच नव्हता.

"सर, ही गोम नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे सव्वीस एक नाहीत. मी सही करणार नाही. कुठं तक्रार करायची ती करा."

प्राचार्य तणतणत निघून गेले. मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि मेणाचा डबा बाईंपुढे सरकवला.

"आज सोमवार आहे. बाह्या वर कर."