डावीकडचा वाटा

वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत चाललं होतं. भाऊबंदांनी एकेक वचन देऊन पाहिलं, शेती सांभाळू, मायला सांभाळू, तरी कावळा झाडावर चोच घासत बसलेला. शेवटी मी वैतागून म्हणालो, तुमच्या कुत्र्याला अंतर देणार नाही. तो लगेच खाली उतरला. मी शहाद्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतो. कावळ्याला भूक लागली असणार, असं मी घरी येताना बायकोला सांगितलं, पण ते वचन मानगुटीवर बसलं ते आजपर्यंत.

कुत्रा गावठीच. वडिलांनी पपईच्या मळ्यातून पिल्लू असताना उचलून आणला आणि नाव काही ठेवलं नाही. नुसतं 'ए' म्हणत, तो येई. नऊ वर्षं दोघं संध्याकाळी बरोबर जेवले, वडील ओट्यावरच्या खाटेवर आणि कुत्रा खाली ॲल्युमिनियमच्या थाळीत. ते गेल्यावरही माय थाळी तिथेच, खाटेला लागून ठेवी. कुत्रा खायला उभा राहिला की खाट त्याच्या डाव्या अंगाला येई.

मायचं जेवण मात्र सुटलं होतं. चतकोर भाकरी, वर पाणी. अंगावरची चोळी सैल पडायला लागली होती आणि मला रात्रंदिवस तिचीच काळजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजली, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकून वडिलांची आगारी घातली. संध्याकाळी कुत्र्याला वाढलं. त्याने थाळीचा उजवा अर्धा चाटूनपुसून खाल्ला आणि डावा तसाच ठेवून बाजूला झाला. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ. उंबऱ्यावर बसलेली माय हळूच म्हणाली, "त्यास्ना वाटा काढी ठेवस तो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही. गल्लीतल्या बाया बघायला येऊ लागल्या, हात जोडू लागल्या. उरलेल्या वाट्याला कोणी शिवायचं नाही, थाळी हलवायची नाही, असा मायने नियमच घातला. दिवेलागणीला ती स्वतः तो वाटा निंबाखाली ठेवून येई आणि मग जेवायला बसे, पोटभर. त्यांचं झालं, आता माझं, असं म्हणे. एकदा रिकाम्या खाटेकडे बघत, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ती चुकचुकताना मी ऐकलं. अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी माय मागच्या अंगणात होती. शाळेतून येऊन चपला काढताना माझा पाय थाळीला लागला आणि ती गर्रकन फिरली. डावीकडचा वाटा उजवीकडे आला. कुत्र्याने मान खाली घातली आणि आत्ताच कोणी वाढलं असावं तसा तो खाऊन टाकला.

मी जागच्या जागी उभा राहिलो. शरीराच्या डाव्या अंगाचा कारभार मेंदूच्या उजव्या भागात चालतो, हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढतो. कुत्रा हल्ली अंगणात उजवीकडेच गोल फिरतो, डावीकडून हाक मारली तर भलतीकडे बघतो, हेही रोज दिसत होतं. तरी दिव्याखाली अंधार. सगळं एकदम जुळलं. मग मी काय केलं? आतून अर्धी भाकरी आणली, कुस्करून थाळीच्या डाव्या बाजूला ठेवली आणि हात धुतले. माय जेवत होती ना.

दोन महिने मी गप्प राहिलो.

श्रावण लागला आणि एका सकाळी कुत्रा ओट्यावर आडवा पडून पाय झाडू लागला, तोंडाला फेस. पिसाळला म्हणून गल्लीतून काठ्या निघाल्या. मी त्याच्यावर गोणपाट टाकून शेजारी बसून राहिलो आणि कोणाला जवळ येऊ दिलं नाही. तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डोळे पाहिले, पाय पाहिले, मग थाळी मागवली. तो अर्धं खाऊन थांबल्यावर त्यांनी मायच्या देखत ती हाताने फिरवली. त्याने उरलेलं खाल्लं. डाव्या बाजूला काही असतं हेच याला कळत नाहीये, बाई म्हणाल्या, मेंदूत गाठ असावी. माय आत गेली. त्या दिवशी निंबाखाली काही ठेवलं गेलं नाही.

गाडी करून, फिटच्या गोळ्या देत मी त्याला मुंबईला नेलं. एमआरआयमध्ये गाठ दिसली, उजवीकडे, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली. हळू वाढणारी आहे, कवटीचा छोटा तुकडा कापून काढता येईल, पण टेबलावरून उठेलच असं नाही, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं. लक्षणं कधीपासून, त्यांनी विचारलं. पंधरा दिवस, मी म्हणालो. खोट्याची सवय लागली होती.

चार तास बाहेरच्या बाकावर बसलो. कावळ्याला दिलेलं वचन डोक्यातून हलेना. मग सर्जननी बाटलीत गाठ आणून दाखवली, बोराएवढी, पांढुरकी. मी तिच्याकडे बघत राहिलो. आखाजीपासून आमच्या घरी वडील म्हणून हीच जेवत होती.

तो जगला. अर्धं डोकं भादरलेलं, टाके, तोल जाणारे पाय. घरी आणल्यावरही पंधरा-वीस दिवस तो अर्धंच खाई. पोळा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी उजवी बाजू संपवून थांबला, मान सावकाश डावीकडे वळवली आणि थाळी लख्ख केली. बायकोने डोळे पुसले. माय थाळी घेऊन विसळायला बसली. मला राहवेना. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, मला डॉक्टरीणबाईंच्या दोन महिने आधीच कळलं होतं, तो वाटा मी परत मांडला होता.

तिने मान वर केली नाही.

"माले माहित शे. तू भाकर ठेवी ना, तव्हय मी दारमाच उभी व्हतू."

मग का बोलली नाहीस, मी विचारलं.

"तू बी बोलना नही. दोन महिना घरमा व्हता तुना बाप."

ती त्या संध्याकाळी चतकोर भाकरीवर उठली. हल्ली अर्धी खाते.

गाठ परत येऊ शकते, सर्जन म्हणाले होते. म्हणून रोज संध्याकाळी कुत्रा खायला लागला की मी ओट्यावर येऊन बसतो. मायही उंबऱ्याशी येते. आम्ही दोघं थाळीच्या डाव्या बाजूकडे बघत राहतो. काय दिसावं असं तिला वाटतं, हे मी तिला विचारत नाही. ती मला विचारत नाही.