डाव्या गालाची रेघ

थंडीतला रविवार होता. ओट्यावर ऊन आलं होतं आणि बायको सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर स्टूल टाकून तिचं चित्र काढत होतो. सगळं जमलं, पण ओठांचा डावा कोपरा काही केल्या जमेना. काढला की खाली उतरायचा. मी खोडायचो, वर उचलायचो, तिच्याकडे बघून पुन्हा काढायचो, की पुन्हा खाली. शेवटी मी माझी जुनी युक्ती वापरली. चेहऱ्याची उजवी बाजू बटर पेपरवर उतरवून घेतली, कागद उलटा केला आणि तीच डाव्या बाजूला छापली. दोन्ही कोपरे एका रेषेत आले. मी खूश.

"आता कशी हसून राह्यली, पाह्य," म्हणत मी चित्र तिच्यापुढे धरलं.

ती चहाचा घोट घेत होती. तो घोट डावीकडून ओघळला आणि हनुवटीवरून शेंगांमध्ये पडला.

"मले काहीतरी होऊन राह्यलं वो," ती म्हणाली. त्यातला एकही शब्द धड नव्हता.

तेव्हा मी कागद सोडून तिच्याकडे पाहिलं. माझं आधीचं चित्र बरोबर होतं. चेहराच उतरला होता, आणि मी सकाळभर रबर घेऊन तो दुरुस्त करत बसलो होतो.

आता माझा धंदाच दुरुस्तीचा, त्याला काय करणार. आदिलाबादच्या बाजारात आमचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. पूर्वी मी पाट्या रंगवायचो, तेलुगूत, मराठीत, उर्दूत. फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळले. मग लोक घरातल्या गेलेल्या माणसाचा नखाएवढा फोटो घेऊन यायला लागले, आधार कार्डावरचा नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला, आणि मी त्यावरून पेन्सिलीचं मोठं चित्र करून द्यायला लागलो. "आबाची मान सरळ करा." "आईले जरासं हसवा." मी मान सरळ करायचो, हसवायचो, सुरकुत्या पुसायचो आणि अर्धा चेहरा उलटा छापून पूर्ण करायचो. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण ते दुकान खरं चालायचं गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्या बायकोमुळे. नुकतं माणूस गमावलेल्यांशी काय बोलावं हे मला कळत नाही. मी फ्रेमचे भाव सांगायला लागतो. ती विचारायची, "रागावले की कसे दिसत? खाताना कसे बसत?" बोलता बोलता समोरची बाई रडून मोकळी व्हायची, आणि मला काढायला एक जिवंत माणूस मिळायचं.

दवाखान्यात जाईपर्यंत ऑटोत मी सगळे देव आठवले. शेजारचे म्हणाले होते, लकवा. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला. डावा उघडाच राहिला, नुसतं बुबुळ वर सरकलं आणि खाली पांढरं दिसत राहिलं. मग म्हणाले, भुवया वर करा. उजव्या कपाळावर आठ्या आल्या. डावं कपाळ सारवलेल्या जमिनीसारखं गुळगुळीत. मी मनात म्हणालो, संपलं, कपाळसुद्धा गेलं.

डॉक्टर मात्र हसले. "कपाल भी गया ना? फिर तो अच्छा है."

मला त्यांचा राग आला. पण मग त्यांनी समजावलं. कपाळाला हुकूम मेंदूच्या दोन्ही भागांकडून येतो म्हणे. विजेच्या दोन डीपींवरून लाइन घेतलेलं घर असावं तसं. मेंदूत बिघाड असता तर दुसऱ्या बाजूच्या लाइनवर कपाळ चालू राहिलं असतं. कपाळही गेलं, म्हणजे बिघाड मेंदूत नाही, बाहेरच्या तारेत आहे. ही तार कानाच्या मागून निघून चेहऱ्यावर पसरते. ती सुजली होती. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, रात्री डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलं. बहुतेकांचं परत येतं, म्हणाले. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर हैदराबादला पाठवावं लागेल.

इतकी वर्षं मी कपाळं काढत होतो. त्या चार बोटांच्या जागेमागे निसर्गाने एवढी सोय करून ठेवली असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुडीहत्नूरहून आमची आकडसासू, म्हणजे बायकोची मोठी बहीण, आली. तिने येताच निकाल दिला. "मंचेरियलच्या लग्नाहून येताना बसमधी तिले खिडकीशी कोन बसवलं?"

"मी," मी म्हणालो.

"मंग झालं. गार वारं कानात गेलं. जवाई, आता कबुतराचं रक्त चोळा गालाले."

"बाई, त्या कबुतराचं काय चुकलं?" बायको म्हणाली. प, फ, ब ही अक्षरं तिच्या ओठांतून नुसती वाऱ्यासारखी निघायची, पण बहिणीला बरोबर कळलं. कबुतर वाचलं. खिडकीची जागा मात्र आजही माझ्या नावावर आहे, जरी डॉक्टर म्हणाले होते की हे का होतं ते कुणीच नक्की सांगू शकत नाही.

आठवडाभराने ती हट्टाने गल्ल्यावर बसली. सीमेवरच्या एका गावची म्हातारी सुनेचा फोटो घेऊन आली होती. सांगता सांगता तिला हुंदका आला. बायकोने नेहमीसारखं तिच्याकडे पाहिलं. पण चेहरा उजवीकडेच ओढला गेला, डावी बाजू निर्विकार, आणि दोन्ही मिळून जे झालं ते छद्मी हसण्यासारखं दिसलं. म्हातारी बोलायची थांबली.

"काऊन वं बाई, माझ्यावर हसून राह्यली?"

मी मधे पडलो, आजाराचं सांगितलं, म्हातारीने माफी मागितली. बायको उठून घरी गेली ती परत दुकानात आली नाही. घरातही पदर डाव्या गालावरून पुढे ओढून घ्यायला लागली. मला समजेना, तिला धीर द्यायला काय सांगावं. मी फ्रेमचे भाव सांगू शकत होतो.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडम वयाने आमच्या मुलीएवढ्या. तेलुगू बोलणाऱ्या, बायकोला अम्मा म्हणायच्या आणि मला अंकल. त्यांनी सांगितलं, दर आठवड्याला चेहऱ्याचे फोटो काढून आणा, म्हणजे फरक कळेल.

"फोटो नाही," बायको म्हणाली. "एकाच्या मोबाईलमधून साऱ्या गावात जाते."

"हे चित्र काढतात ना," तीच मग म्हणाली. "त्यायले काढू द्या."

मला आनंद झाला. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या मेहनतीने चित्र करून नेलं. मॅडमनी ते बायकोच्या चेहऱ्याशेजारी धरलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अंकल, आप पेन्सिल से इलाज कर रहे हो क्या? इसमें तो अम्मा आधी ठीक हो गयी."

माझ्या हाताने मला न विचारता डावा गाल वर उचलला होता. सवयच ती. अख्ख्या बाजारातल्या गेलेल्या माणसांना मी बरं केलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि आपला तळवा माझ्याच कानासमोर टेकवून बोटं पसरली. अंगठा कपाळाकडे, एक बोट डोळ्याकडे, एक गालाकडे, एक ओठाखाली, करंगळी मानेकडे. तार अशी फुटते, म्हणाल्या. अंगात इतरत्र स्नायू हाडाला ओढतात, चेहऱ्यात ते कातडीला ओढतात. म्हणून तर तिथे मनातलं उमटतं. भाकरी चावायचे स्नायू वेगळे, त्यांची तारही वेगळी. म्हणूनच अम्मांना चावता येतं, पण घास डाव्या गालात अडकून बसतो, कारण तो दातांखाली परत ढकलणारा स्नायू झोपला आहे. मग एक बोट तोंडात आणि अंगठा बाहेर ठेवून त्यांनी मला माझ्याच ओठाचा कोपरा चाचपायला लावला. कातडीखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली. हसवणारा, रडवणारा, ओठ दाबणारा, असे कितीतरी स्नायू त्या गाठीत येऊन एकमेकांत विणले जातात. ज्या कोपऱ्यासाठी मी रबर झिजवला, तो कोपरा म्हणजे ही वर्दळीची जागा होती. दवाखान्याच्या बाकावर तोंडात बोट घालून मी बराच वेळ बसलो होतो. येणारे-जाणारे बघत होते. मला भान नव्हतं.

त्यानंतर माझी शाळा घरात सुरू झाली. गुरू म्हणजे बायकोचा चेहरा, आणि तो दोन बाजूंनी दोन गोष्टी शिकवायचा. नाकपुडीपासून ओठाकडे उतरणारी ती रेघ घ्या. मी ती आयुष्यभर टोकदार पेन्सिलीने ओढत आलो होतो. ती रेघ नसतेच. गालातली मऊ चरबी जिथे संपते आणि हसवणारे स्नायू कातडीला जिथे धरून ठेवतात, त्या काठावरची ती सावली असते. डावीकडे पकड सुटली होती आणि सावली पुसली गेली होती. गाल सपाट आणि कोवळा दिसायचा. एकदा आरशात बघत तीच म्हणाली, "डावीकडून मी नवरी, न् उजवीकडून सासू." बऱ्याच दिवसांनी ती स्वतःवर हसली, उजवीकडून.

हातावर भरवसा नव्हता, म्हणून मी एक उपाय केला. जुन्या वर्तमानपत्राने तिचा अर्धा चेहरा झाकायचा, उरलेला अर्धा काढायचा, मग बाजू बदलायची. तिच्या हातात पेपर द्यायचा आणि तिने तो धरून बसायचं. "एका डोळ्यानं बातम्या वाचू काय?" ती म्हणायची. बटर पेपरची गुंडाळी मी पोटमाळ्यावर टाकली. अर्धा अर्धा बघायची सवय लागली आणि तिच्या जुन्या फोटोतही मला दिसलं, की आजाराआधीही तिचे दोन्ही अर्धे कधी सारखे नव्हते. उजवी भुवई जरा उंच होती, डाव्या पापणीची घडी जास्त खोल. मी बाकी लोकांकडेही बघायला लागलो. चहावाला, बँकेतला शिपाई, बसमधली माणसं. एकही सारखा निघेना. प्रत्येक चेहऱ्यात दोन शेजारी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, आणि मी सगळ्यांना एकाच साच्यात घातलं होतं.

चित्रं खरी व्हायला लागली तशी घरातली चिंता वाढली, कारण खरी चित्रं सांगत होती की काही हलत नाही. थंडी सरली, शिमग्याचे दिवस आले. बायकोने एक दिवस कपाटातून चांगल्या साड्या काढून मुलीसाठी वेगळ्या ठेवल्या. "मी कुठं नेसून जातो आता," एवढंच म्हणाली. हैदराबादच्या तारखेचं आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

मग एका सकाळी डावी बाजू काढत असताना मला नाकपुडीच्या बाहेर काहीतरी दिसलं. अगदी फिकट, कागदावर शिसं लागलेलं बोट फिरावं इतकं. मी पेन्सिल खाली ठेवली. हात लबाड आहे हे आता मला ठाऊक होतं, डोळेही त्याचेच भाऊबंद. मी तिला उन्हाकडे वळवलं, मग सावलीत बसवलं. पेपर सरकवून उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. सावली होतीच.

"काय पाहून राह्यले इतकं?" ती म्हणाली.

"काही नाही. हलू नको."

तिला खोटी आशा दाखवायची नव्हती. मी ती सावली जेवढी होती तेवढीच काढली, एक कणही गडद नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम असेल, कारण हात सारखा म्हणत होता, अजून थोडी, अजून थोडी.

दवाखान्यात मॅडमनी चित्र घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. मग बायकोच्या डाव्या गालावर दोन बोटं ठेवून म्हणाल्या, "अम्मा, दात दिखाओ." उजवी बाजू नेहमीसारखी वर गेली. डावीकडे काही नाही. मॅडमची बोटं तशीच होती. "फिर से." आणि ओठांचा कोपरा थरथरला. विहिरीच्या पाण्यावर पाकोळी टेकून जावी, इतकाच.

"इस बार पेन्सिल ने झूठ नहीं बोला," मॅडम म्हणाल्या.

बायकोने पिशवीतून छोटा आरसा काढला आणि पुन्हा पुन्हा दात दाखवत बसली. मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो. पाणी माझ्याही हनुवटीवरून ओघळलं, आणि माझी तर एकही तार सुजली नव्हती.

पुढचं हळूहळू आलं. गाल, मग डोळा मिटायला लागला, सगळ्यात शेवटी कपाळ. तारेने परत येताना एक गोंधळ केला. ओठाकडे जाणारा थोडा हुकूम चुकून डोळ्याकडे जातो, त्यामुळे ती हसली की डावा डोळा बारीक होतो. मॅडम म्हणाल्या, हे थोडं राहील.

उन्हाळ्यात ती पुन्हा गल्ल्यावर बसली. एक बाई आपल्या नवऱ्याचा धुरकटलेला फोटो घेऊन आली होती. बायकोने विचारलं, "हसायचे कसे ते?" ती बाई सांगायला लागली, आणि सांगताना स्वतःच तसं हसली, नवऱ्यासारखं, खालचा ओठ दाबून. गेलेला माणूस क्षणभर तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला. आणि बायकोचा चेहरा तिला उत्तर देत पूर्ण हसला, डावीकडून, उजवीकडून, तो डोळा बारीक करत. मी फ्रेमला खिळे मारत होतो, तो हातोडी धरून तसाच राहिलो. कातडीखालचे एवढे बारीक धागे, एका बाईचे दुसऱ्या बाईला ओळखतात, आणि मधे कुणी शब्दही काढत नाही.

त्याच आठवड्यात मी तो चेहरा काढला. काहीही सरळ केलं नाही. बारीक झालेला डोळा तसाच ठेवला आणि डाव्या गालाची सावली होती तेवढीच. चित्र फ्रेम करून, भीत भीत तिच्यापुढे धरलं.

तिने ते उन्हाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाली, "दुकानात लावू नोका. गिऱ्हाईक म्हणतीन, बाई डोळा मारून राह्यली. घरात लावा. तुमाले मारला तं चालते."