तिसऱ्या कडव्यातला खोकला

चाळीस वर्षं जाखडीची गाणी रचली. अकरा वह्या भरल्या. किस्से कधी लिहून ठेवले नाहीत, तरी तेच जास्त साठले. वही कपाटात टाकली की गप्प राहते. किस्सा चार माणसं बसली की स्वतःहून उठतो!

मी चौथी शिकलो. पण गाण्याचा कायदा मला वकिलाच्या आधीपासून ठाऊक आहे. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं गाणं. माझं नाव धोंडू.

*

माझी एक गवळण तालुकाभर गाजली. राधेच्या डोक्यावर मी दह्याचा माठ ठेवला नाही. बांगड्यांची पाटी दिली आणि तिला मिरकरवाड्याच्या मासळीबाजाराला धाडली. वाटेत कृष्ण अडवतो. असं आधी कोणी केलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीत ती म्हणत होतो. माझा घसा बसलेला. ढोलकीवाला भिकाजी सुसाट सुटलेला. त्यात पुढच्या रांगेत एक पाहुणा शाल पांघरून बसला होता. एवढ्या उकाड्यात शाल! चौथं कडवं संपलं आणि शालीतून 'खटॅक' असा आवाज आला. कॅसेटची बाजू संपली होती.

"गुडघा वाजला, शाहीर. वय झालं," पाहुणा म्हणाला.

"मग दुसरा गुडघा लावा. अजून एक कडवं आहे!"

*

काही वर्षांनी मुंबईहून एक सीडी आली. गायक पुरुषोत्तम शाहीर. गवळण माझी, पाटीतले बांगडे माझे. फक्त शेवटच्या कडव्यात धोंडू काढून पुरुषोत्तम घातलेला. दोन अक्षरांच्या जागेत पाच!

त्याचा कार्यक्रम बघायला गेलो. जाखडीत मध्ये शाहीर बसतो आणि भोवती चाळ बांधलेले गडी तालावर पाय आपटत गोल नाचतात. नाव आलं की ताल संपायचा, नाव संपायचं नाही. सगळ्यांचे पाय हवेत!

मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. परत येताना वाडीतला एक जण म्हणाला, "काय वो शाहीर, त्या पुरुषोत्तमाची गवळण तुम्हीपण बरी म्हणता हां!"

दोन दिवस जेवलो नाही. हे बायकोशिवाय कोणाला माहीत नाही.

*

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, "लिहिलंत त्याच दिवशी कॉपीराइट तुमचा झाला. पण पुरावा लागेल. वहीवर तारीख आहे?"

"नाही."

"चाल तरी तुमची?"

मी खिडकीबाहेर बघितलं. चाल सिनेमाची होती. आमच्याकडे सगळ्यांचीच असते.

वकिलांनी वही मिटली. मग म्हणाले, "शाहीर, कोर्टात आपण गवळण वाचून दाखवू. तुम्ही गाऊ नका!"

*

पुढे ते गाणं इंटरनेटवर चढलं. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. कॅफे स्मिताचा. पोरगी बोलण्यात चोख.

"या इंटरनेटचा मालक कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही, आजोबा."

"एवढ्या मोठ्या आवाराला गडगा नाही?"

"नाही."

"म्हणूनच गुरं शिरली!"

तिने माझ्या कानाला हेडफोन लावला. तिसरं कडवं आलं. कृष्ण राधेला अडवतो आणि पुरुषोत्तम दोनदा खोकतो. मग म्हणतो, "भिकाजी, हळू!" मागचे साथीदार सुरात उचलतात, "भिकाजी, हळू, हो जी!"

मी ते तीनदा ऐकलं. आधी रागाच्या भरात हे कानावरून निसटलं होतं. खोकला माझा. भिकाजी माझा. शालीतली कॅसेट पठ्ठ्याने इमानाने पाठ केली होती!

"आजोबा, हसताय कसले?" स्मिताने विचारलं. सांगितलं. तिने ते गाणं आमच्या वाडीच्या मुंबईतल्या झाडून सगळ्या चाकरमान्यांना पाठवून दिलं. सोबत माझा निरोप: 'तिसरं कडवं नीट ऐका.'

*

त्यातल्या एकाने दादरला पुरुषोत्तमाला गाठलं आणि साळसूदपणे विचारलं, "शाहीर, हा भिकाजी कोण?"

"पेंद्याचा मित्र," पुरुषोत्तम म्हणाला. "जुन्या ग्रंथात आहे."

*

पुढच्या गणपतीत आमच्याच मांडवात त्याचा आणि माझा सामना लागला. तो पहिला बसला. मुंबईची मंडळी पुढे, वाडी मागे. त्याने गवळण धरली. मी मांडी घालून समोर. शेजारी भिकाजी.

तिसरं कडवं आलं. कृष्ण आडवा आला. पुरुषोत्तमाने श्वास घेतला.

त्याच्या आधी सगळा मांडव खोकला. बायका, म्हातारे, सगळे. दोनदा. आणि मग एका सुरात, "भिकाजी, हळू!"

भिकाजी दचकून उभा राहिला. "अरे, मी अजून ढोलकीला हातपण लावला नाय!"

हसणं थांबायला बराच वेळ लागला. पुरुषोत्तमाने माझ्याकडे बघितलं. मी हातानेच खूण केली, पुढे म्हण.

त्याने म्हटलं. शेवटचं कडवं आलं, नाव आलं. त्या दिवशी एकाही गड्याचा पाय हवेत राहिला नाही!